माडीची लाकडी जमीन : तिची मोड आणि तिची डागडुजी



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण अशा थोर विषयांवर बोलण्याची प्रथा आहे. तेथे घराच्या माडीवरील लाकडी जमिनीविषयी बोलावयास उभे राहणे थोडे धार्ष्ट्याचेच. पण आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी हा प्रश्न आज ना उद्या दार ठोठावणार आहे, किंवा आधीच ठोठावून गेला आहे, म्हणून हे धार्ष्ट्य.

प्रश्न कसा येतो ते पाहा. आजोबा-पणजोबांच्या काळचा वाडा. माडीवर चालताना फळ्या करकरतात. एका कोपऱ्यात पाय किंचित खाली जातो. मग घरात तीन मते पडतात. एक म्हणतो, वर सिमेंटचा कोबा करून फरशी टाकू, म्हणजे कायमची कटकट मिटेल. दुसरा म्हणतो, जुन्या सागवानाला घनफुटाला चांगला भाव येतो. लाकूड विकू आणि स्लॅबचे घर बांधू. तिसरा काहीच म्हणत नाही. तो माडीला कुलूप लावतो. आणि वाड्याचे चार-सहा वारस असतील तर बहुधा हा तिसराच जिंकतो, कारण कुलूप लावायला कोणाची संमती लागत नाही.

या तिघांहून निराळा चौथा मार्ग आहे, तो आज मांडावयाचा आहे. तो असा की, जुनी लाकडी जमीन बहुतेक वेळा दुरुस्त होण्यासारखी असते. मात्र तिचे दुखणे तिच्या अंगात नसते, ते दुसरीकडे असते. ते दुसरीकडचे दुखणे आधी शोधले, तर जमीन थोडक्यात वाचते. ते न शोधता केलेली दुरुस्ती, कितीही खर्चाची असो, फुकट जाते. कित्येकदा जिवावरही बेतते.

आधी ही जमीन असते कशी, ते समजून घेऊ. जुन्या बोलीत तिला कडीपाट म्हणतात. नावातच तिची रचना आली. दगडी तळखड्यांवर लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर फूट-दीड फूट अंतराने आडव्या कड्या आणि कड्यांवर पाट, म्हणजे फळ्या. सधन घरी या फळ्या रंधून, कडा जुळवून बसवीत. त्या कामाला तक्तपोशी म्हणत. खालून पाहिले तर तेच सोप्याचे छत, वरून पाहिले तर तीच माडीची जमीन. फळ्यांवर बहुधा चार बोटे ते वीतभर मातीचा थर चोपून बसवीत आणि वरून शेणाने सारवीत. काही दिवाणखान्यांत माती न घालता फळ्याच उघड्या ठेवीत व त्यांवर जाजम अंथरून बैठक घालीत.

फळ्यांवर माती घालणे हा अडाणीपणा होता असे कोणी समजू नये. तिने वरचा आवाज खाली येत नाही, उन्हाळ्यात खोली तापत नाही आणि निखारा पडला तरी लाकडाला लगेच धग लागत नाही. शिवाय माती आणि शेण ही दोन्ही हवेला वाट देतात. सांडलेले पाणी मातीत मुरते आणि वरूनच वाळून जाते. हा गुण ध्यानात ठेवावा, कारण पुढे सिमेंटची गोष्ट निघेल तेव्हा तो आठवावा लागेल.

आता लाकूड. आपला कळंब, इंदापूर, बारामतीचा मुलूख पर्जन्यछायेतला. येथे बाभूळ आणि लिंब आपोआप वाढतात. साग वाढत नाही. म्हणून साध्या घराच्या कड्या बाभळीच्या किंवा लिंबाच्या, आणि वर धाब्याचे माळवद. ज्याच्यापाशी पैसा किंवा सत्ता होती त्याच्याच घरी साग आला. बारामतीत कऱ्हेकाठी बाबूजी नाईकांचा वाडा आहे. याच नाईकांच्या आश्रयाने मोरोपंतांचे आयुष्य बारामतीस गेले आणि १७९४ साली तेथेच ते निवर्तले. त्या काळी सागाच्या तुळया घाटमाथ्याकडून बैलांनी ओढून आणावयाच्या. पुढे ब्रह्मदेशातील मौलमीनचा साग जहाजांनी मुंबई बंदरात उतरू लागला. १८६० पर्यंत पुण्याहून दौंडवरून सोलापूरपर्यंत आगगाडी झाली, १८६३ मध्ये भोरघाट जोडला गेला, आणि बंदरावरचे लाकूड या कोरड्या मुलखाच्या उंबरठ्यापर्यंत येऊ लागले. त्यानंतर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डाव्या कालव्याचे पाणी आले. १९३० नंतरच्या दशकात कळंबच्या शिवारात वालचंद हिराचंद यांनी साखर कारखाना उभारला आणि वालचंदनगर वसले. उसाच्या पैशाबरोबर घरे बदलली. पण गावठाणातल्या जुन्या माड्यांना जे लाकूड लागले होते, ते बहुतेक दूरच्या रानातून आलेले, संथपणे वाढलेल्या म्हाताऱ्या झाडांचे होते. आजच्या लागवडीचा कोवळा साग त्याची बरोबरी करीत नाही; त्यात गाभा कमी आणि कडेचे पांढरे लाकूड जास्त असते. तेव्हा जुनी फळी काढून नवी बसविणे म्हणजे पुष्कळदा बावनकशी मोड देऊन पितळ घेणे होय.

लाकडी माडीचा शेवट कसा होतो याचे सर्वांस ठाऊक असलेले उदाहरण म्हणजे पुण्याचा शनिवारवाडा. १७३० ते १७३२ या काळात तो बांधला गेला. १८२८ च्या आगीत त्याचे लाकडी मजले जळाले. आज तेथे दगडी तट, दरवाजे आणि जोती उरली आहेत. पेशवे ज्या जमिनीवर चालले, ती जमीन राहिलेली नाही. दुसरे उदाहरण विश्रामबागवाड्याचे. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तो बांधला. त्याचाही काही भाग १८७९ च्या आगीत गेला. पण उरलेला वाडा सतत वापरात राहिला. १८२१ पासून तेथे संस्कृत पाठशाळा होती, पुढे नगरपालिकेच्या कचेऱ्या होत्या, आणि अलीकडच्या काळात पुणे महानगरपालिकेने त्याचा टप्प्याटप्प्याने जीर्णोद्धार केला. यातून घ्यावयाचा बोध साधा आहे. लाकडी घर वापरात राहिले की त्याची विचारपूस होते. कुलूपबंद घराची विचारपूस वाळवीच करते.

लाकूड वयाने मरत नाही, हे पक्के समजावे. कोरड्या जागी, वाऱ्यावर असलेला सागाचा गाभा दोन-दोनशे वर्षे टिकतो. त्याचे शत्रू तीन : पाणी, कीड आणि ओझे. यांत पाणी हा सेनापती; उरलेले दोघे त्याच्या मागून येतात.

लाकडाला कुज लागते ती बुरशीमुळे. बुरशी हा सजीव आहे आणि त्याला ओल लागते. लाकडातील पाण्याचे वजन कोरड्या लाकडाच्या वजनाच्या शेकडा वीसांच्या आत राहिले, तर कुजविणारी बुरशी वाढू शकत नाही. आपल्या हवेत घरातले लाकूड वर्षाचा बराच काळ शेकडा बाराच्या आसपास किंवा त्याहूनही कोरडे असते. म्हणजे नुसत्या पावसाळी हवेने सागाची फळी कुजत नाही. ती कुजते ती सतत भिजल्याने : फुटके कौल, तुंबलेली पन्हळ, माडीवरची न्हाणी किंवा मोरी, भिंतीत दडवलेला गळका नळ. या चारांपैकी एक तरी चोर प्रत्येक खचलेल्या कोपऱ्यापाशी सापडतो.

त्यातही सर्वांत धोक्याची जागा डोळ्यांना दिसत नाही. ती म्हणजे तुळईचे भिंतीत गेलेले टोक. भिंत ओली राहिली की टोक चहूबाजूंनी ओलीत बसते. त्याला वारा लागत नाही. मधली तुळई ठणठणीत, रंगवलेली, आणि टोक मात्र भुशासारखे, असे असू शकते. माडी कोसळते ती बहुधा मधून मोडून नव्हे, टोक सुटून. म्हणून 'फळ्या चांगल्या आहेत, माडी भक्कम आहे' हा निष्कर्ष फार घाईचा होय.

कीड दोन प्रकारची. वाळवी जमिनीतून येते, ओल शोधीत येते आणि उजेड टाळण्यासाठी मातीच्या बारीक नळ्या बांधीत चढते. सागाचा गाभा तिला सहसा रुचत नाही. पण त्याच फळीच्या कडेचे पांढरे लाकूड, आणि लिंब-आंब्याच्या कड्या, ती आनंदाने खाते. दुसरी कीड भुंग्याची. तिची खूण म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढी भोके आणि खाली पडलेले पीठ. भोके जुनी असतील व पीठ पडत नसेल, तर ते युद्ध केव्हाच संपलेले आहे. त्यासाठी औषध मारण्याचे कारण नाही. फडक्याने स्वच्छ पुसून खाली काळा कागद अंथरावा आणि महिन्याने पाहावे. पीठ पडले तर कीड जिवंत.

आता ओझे. येथे थोडे गणित करावे लागेल. दहा फूट बाय बारा फूट, म्हणजे एक खण धरा. एक इंच जाडीच्या सागाच्या फळ्यांचे वजन या खणात सुमारे १८० किलो भरते. त्यावरील चार इंच मातीचे वजन सुमारे १,८०० किलो, म्हणजे पावणेदोन टनांहून थोडे अधिक. आता या मातीवरच तीन इंचांचा काँक्रीटचा कोबा केला, तर आणखी सुमारे २,००० किलो चढले. वर फरशी निराळी. म्हणजे ज्या कड्या पिढ्यान्‌पिढ्या पावणेदोन टन तोलत आल्या, त्यांना आपण एका दिवशी चार टन तोलावयास सांगितले, आणि त्यांचे टोक कुजले आहे की नाही हेही पाहिले नाही.

मातीच्या ओझ्याचा दाखला महाराष्ट्राने भयंकर किंमत देऊन पाहिला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसे गेली, ती पुष्कळशी दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाची माती अंगावर येऊन. दरवर्षी गळती थांबविण्यासाठी मातीवर माती घालीत गेल्याने कित्येक माळवदांचा थर फूट-दोन फूट झाला होता. उलट, पडझडीनंतर पाहणी करणाऱ्या अभियंत्यांना असेही आढळले की भिंती बाहेर कोसळूनही कित्येक घरांतील लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभाच होता. लाकडाने दगा दिला नव्हता. दगा दिला तो सुट्या दगडांच्या भिंतींनी, आणि भर घातली ती लाकडाच्या डोक्यावर चढवलेल्या ओझ्याने.

सिमेंटचा दुसरा दोष वजनाहून सूक्ष्म आहे. माती हवेला वाट देते, असे मघाशी म्हटले. सिमेंट ती वाट बंद करते. फरशीच्या सांध्यातून झिरपलेले पाणी खाली उतरते, पण वर वाळू शकत नाही. फळ्या खालून कोरड्या दिसतात, वरून भिजत राहतात. पाच-दहा वर्षांनी छतावर काळा डाग उमटतो तेव्हा काम पुढे गेलेले असते. 'कायमची कटकट मिटेल' म्हणून केलेला कोबा अशा रीतीने माडीच मिटवतो.

आता तपासणी कशी करावी ते सांगतो. तिला फार साधने लागत नाहीत. विजेरी, एक टोचा, एक लाकडी हातोडा, दोरा आणि खडू एवढे पुरे. प्रथम खालून छत पाहावे. काळे डाग, पांढरी बुरशी, मातीच्या नळ्या, पीठ, यांवर खडूने खुणा कराव्यात. मग प्रत्येक कडीच्या दोन्ही टोकांपाशी, भिंतीलगत, टोचा दाबून पाहावा. चांगल्या लाकडात तो एक-दोन मिलिमीटर शिरून अडतो आणि काढताना धरून ठेवतो. कुजलेल्यात तो लोण्यात शिरावा तसा शिरतो. हातोड्याने हलके ठोकले असता निरोगी लाकूड खणखणीत बोलते, पोकळ झालेले बद्द वाजते. तुळईच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरा ताणला म्हणजे मधला झोल कळतो. झोल दिसला म्हणून लगेच घाबरू नये. शंभर वर्षांच्या तुळईला थोडा झोल असतोच. दोऱ्याची मापे भिंतीवर तारखेसह लिहून ठेवावी आणि सहा महिन्यांनी पुन्हा घ्यावी. झोल स्थिर असेल तर ते म्हातारपण आहे, वाढत असेल तर तो आजार आहे. लाकडातली ओल मोजणारे हातात मावेल असे यंत्र आता बाजारात मिळते. एखाद्या आळीने मिळून एक घेतले तरी पुष्कळ.

टोके कुजलेली निघाली, तर पुढचे काम घरगुती नव्हे. तेथे जुन्या बांधकामाची जाण असलेला अभियंता आणि चांगला सुतार हवाच. पण ते काय करतील हे आपल्याला ठाऊक असावे. आधी तुळईला दोन्ही बाजूंनी टेकू देतात; टेकू नुसत्या जमिनीवर न ठेवता जाड फळीवर ठेवतात, म्हणजे भार पसरतो. मग कुजलेला भाग निरोगी लाकूड लागेपर्यंत कापून त्याच जातीच्या जुन्या लाकडाचा तुकडा लांब तिरप्या सांध्याने जोडतात व बोल्टने आवळतात. किंवा दोन्ही अंगांना पोलादी पट्ट्या लावतात. भिंतीत बसणाऱ्या टोकाखाली दगडी बैठक देतात आणि टोकाभोवती इंचभर मोकळी जागा वाऱ्यासाठी ठेवतात. ती मोकळी जागा पाहून एखाद्या गवंड्याला सिमेंट भरण्याचा मोह होतो. तो आवरावा. झुकलेली तुळई जॅक लावून एका दिवसात सरळ करण्याचा हट्टही धरू नये. लाकूड सावकाश वाकलेले असते, ते घाईने सरळ केले की सांधे निसटतात आणि भिंतीला तडे जातात.

सांगाडा निर्धास्त झाला म्हणजे मग फळ्यांकडे वळावे. वर माती किंवा कोबा असेल तर तो थोडा थोडा, सर्व बाजूंनी सारखा उतरवावा. घण घालून फोडू नये, आणि उतरवलेला ढीग त्याच माडीच्या मधोमध रचू नये. फळ्या काढाव्या लागल्याच तर प्रत्येकीवर मागच्या बाजूने क्रमांक घालावा. जुन्या सुताराने प्रत्येक फळी शेजारणीला पाहून रंधलेली असते. ती दुसरीकडे नीट बसत नाही. खिळे वरून उपटू नयेत. फळी खालून थोडी उचलून, खिळ्याचे टोक मागे ठोकून मग डोके वर आल्यावर काढावे, म्हणजे भोवतालचे लाकूड फाटत नाही.

फळीचा एखादाच कोपरा गेला असेल तर पूर्ण फळी टाकू नये. कडीच्या मध्यावर रेघ धरून तेवढाच तुकडा कापावा, म्हणजे जुन्या-नव्या दोन्ही टोकांना खाली आधार मिळतो. जोड जुन्या सागाचा असावा आणि त्याची रेषा शेजारच्या फळीच्या रेषेला समांतर असावी. चिरलेल्या फळीला मागून डमरूच्या आकाराची लाकडी चीप आडवी बसवली की चीर पुढे जात नाही. जोडाचा रंग थोडा निराळा दिसेल. दिसू द्यावा. जुन्या वास्तूंच्या जतनाविषयी १९६४ साली व्हेनिस येथे जी सनद झाली, तिचेही म्हणणे असेच आहे की भर घातलेला भाग एकूण रूपाशी जुळावा, पण तो मूळचा असल्याचा आव आणू नये.

फळ्यांमधील फटी पाहून पुष्कळांचा जीव वरखाली होतो. नऊ इंच रुंदीची सागाची फळी कोरड्या उन्हाळ्यात आणि भर पावसाळ्यात मिळून सुमारे दोन मिलिमीटर आक्रसते-फुगते. म्हणजे फट हा दोष नसून फळीची श्वास घेण्याची जागा आहे. चैत्रात ती लांबीने किंवा सिमेंटने गच्च भरली, तर श्रावणात फुगलेली फळी कोठे जाणार? ती वर उचलली जाते, नाहीतर खिळा उपटते. फार मोठी फट असेल तर सागाची बारीक पट्टी एकाच बाजूला चिकटवून बसवावी; दुसरी बाजू मोकळी राहू द्यावी.

करकर येते ती फळी खिळ्यावर किंवा शेजारच्या फळीवर घासल्याने. जपानात क्योतो येथील निजो किल्ल्याच्या ओसऱ्यांतील लाकडी जमीन चालताना पाखरासारखा आवाज करते आणि लोक ती मुद्दाम ऐकावयास जातात. तेथेही आवाजाचे कारण हेच, खालच्या लोखंडी पकडी आणि खिळे यांचे घासणे. आपल्याला पाखरू नको असेल तर सैल फळी कडीला स्क्रूने आवळावी, फळी आणि कडी यांत अंतर असेल तेथे पातळ पाचर हलकेच सारावी, आणि दोन फळ्यांच्या सांध्यात शंखजिऱ्याची पूड टाकावी. बहुतेक आवाज एवढ्यावर थांबतात.

नंतर सफाई. शेणमातीचा जुना थर कोरड्या ब्रशाने आणि बोथट पट्टीने काढावा. मग कोमट साबणपाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसावे. बादलीने पाणी ओतू नये. कॉस्टिक सोडा वापरू नये, त्याने साग काळवंडतो. जुना तैलरंग असेल तर विशेष सावध राहावे. पूर्वीच्या तैलरंगांत शिसे असण्याचा फार संभव असतो. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशावर दहा लाखांत ९० भाग ही मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीचा रंग कोरडा घासला तर ती धूळ मुलांच्या पोटात जाते. असा रंग जाळून किंवा यंत्राने घासून काढू नये. ओला करून खरवडावा, तोंडाला चांगली पट्टी बांधावी, मुले व गरोदर स्त्रिया यांना त्या दिवसांत घरापासून दूर ठेवावे, आणि खरवडलेला कचरा बांधून ठेवून त्याची विल्हेवाट नगरपालिकेला विचारून लावावी.

घासण्याचे यंत्र भाड्याने मिळते आणि त्याचा मोहही मोठा. पण फळी इंचभराची असते. प्रत्येक जोरकस घासणीत तिचा मिलिमीटरभर थर जातो आणि वाकसाच्या खुणा पुसल्या जातात त्या कायमच्या. उंबऱ्यापाशी पावलांनी पडलेला खळगा हा काही बिघाड नव्हे. हातात पोलादी पट्टी घेऊन रेषेच्या दिशेने खरवडावे आणि आधी जाड, मग बारीक काचकागदाने हलका हात फिरवावा. मळ काढावा, वय काढू नये.

लाकडाला शेवटचे पाजावयाचे ते जवसाचे तेल. जवस दख्खनच्या रब्बीतले जुने पीक, आणि त्याच्या तेलाचा गुण असा की ते हवेतला प्राणवायू शोषून लाकडाच्या अंगातच घट्ट होते. पहिला हात तेल व टर्पेंटाइन सारख्या भागांनी मिसळून द्यावा. वीस मिनिटांनी जे तेल मुरले नाही ते कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून घ्यावे, नाहीतर चिकट थर राहतो. पूर्ण वाळल्यावर दुसरा, मग तिसरा हात. वर हवे तर मधमाश्यांच्या मेणाचा पातळ हात. चकचकीत लाखेचे पॉलिश खुर्चीला शोभते. जमिनीवर पाण्याचा थेंब पडला की ते पांढरे पडते. तेलाचा हात मात्र उतरला तर तेवढ्याच जागी पुन्हा देता येतो, सगळी जमीन खरवडावी लागत नाही.

येथे एक इशारा ध्यानात ठेवा. जवसाचे तेल लागलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल घट्ट होताना उष्णता निघते. फडक्यांच्या बोळ्यात ती कोंडते आणि काडी न लावता आग लागू शकते. फडकी अंगणात सुटी पसरून वाळवावी किंवा पाण्यात बुडवून ठेवावी. जुन्या माडीतल्या लाकडावरून सैल गेलेल्या विजेच्या तारा हेही तसेच दुसरे भय. जमीन उघडी असतानाच त्या बदलून घ्याव्या. शनिवारवाड्याच्या जोत्यांची आठवण ठेवावी.

हे सारे केव्हा करावे? आज वसंतात आपण बोलत आहोत, तेव्हा क्रम असा धरावा. आता, पावसापूर्वी, जमिनीला हातसुद्धा न लावता कौले फेरावी, पन्हळी साफ कराव्या, माडीवरची मोरी बंद करून खाली आणावी आणि वाळवीच्या वाटा शोधाव्या. पावसाळ्यात, पहिल्या जोराच्या सरीत, विजेरी घेऊन वर जावे आणि पाणी कोठून येते ते प्रत्यक्ष पाहावे. कोणताही तज्ज्ञ सांगणार नाही इतके ती एक सर सांगते. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली म्हणजे मग सांगाडा, मग फळ्या, मग तेल. होळीपर्यंत काम पुरे होते. ज्याला एकाच वर्षात सारे झेपत नाही त्याने या वर्षी फक्त छप्पर करावे. छप्पर झालेली जुनी जमीन थांबू शकते. छप्पर न झालेली नवी जमीन थांबत नाही.

प्रत्येक माडी वाचेल, असे मी म्हणत नाही. तुळयांची बहुतेक टोके गेली असतील, भिंतीच सुटल्या असतील, तर माणसांचा जीव लाकडाहून मोठा आहे. अशी माडी रिकामी करून रीतसर उतरवावी आणि निघालेल्या चांगल्या फळ्या दुसऱ्या माडीच्या जोडांसाठी ठेवाव्या. पण हा निर्णय टोचा आणि दोरा यांच्या साक्षीने व्हावा, लाकूड घेणाऱ्याच्या भावाच्या साक्षीने नव्हे.

आणि शेवटी ज्याचा उल्लेख आरंभी केला ते कुलूप. वाडे पडतात ते वाळवीने कमी आणि भाऊबंदकीने जास्त. जुने गोठलेले भाडे हातात पडते त्यात मालकाला कौलही बदलता येत नाही, भाडेकरूला दुसऱ्याच्या घरावर खर्च करवत नाही, आणि वारसांपैकी कोणाचा हिस्सा कोणत्या खणात हे ठरलेले नसते. यावर सुताराकडे औषध नाही. पण एवढे तरी करता येते की वारसांनी वर्षातून एकदा, वाटण्या काहीही होवोत, छपरापुरती वर्गणी काढावी. भांडणाचा निकाल लागेपर्यंत भांडणाचा विषय तरी उभा राहील.

सुताराचाही एक शब्द सांगितला पाहिजे. बलुतेदारीतला सुतार औत, गाडी आणि घर तिन्ही सांभाळीत असे. वाकस आणि पटाशी चालवणारे हात आज थोडे उरले आहेत. काम मिळाले नाही तर तेही उरणार नाहीत. आपल्या माडीची दुरुस्ती एखाद्या तरुण मुलाला म्हाताऱ्या सुताराच्या हाताखाली उभे करून करवून घेतली, तर एका खर्चात दोन गोष्टी वाचतात, जमीनही आणि विद्याही.

तेव्हा आज घरी गेल्यावर फार काही करू नका. विजेरी घेऊन सोप्यात उभे राहा आणि मान वर करून तुळई भिंतीत जेथे शिरते ती जागा पाहा. आजवर ती कोणी पाहिली नसेल. तेथे डाग असेल तर उद्या सकाळी कौले फेरणाऱ्याला बोलवा. एवढ्याने निम्मे काम होईल. उरलेले निम्मे दिवाळीनंतर.